डावा हात आत

लॉंड्रीत तिला सगळे कडकबाई म्हणत. हे नाव इस्त्रीवरून पडलं की स्वभावावरून, याबद्दल तिथे दोन मतं होती, आणि दोन्ही मतांची माणसं तिच्यासमोर गप्प बसत. मागच्या खोलीत, खिडकीखालच्या लांब टेबलापाशी तिचं निम्मं आयुष्य उभ्याने गेलं होतं. उजव्या हातात वाफेची इस्त्री, डावा हात पुढे, कापड ताणून धरलेला. इस्त्री अंगाचा भार देऊन सावकाश रेटायची. बटणापाशी आली की तिचं नाक जरा उचलायचं, वळसा घालायचा आणि पुन्हा टेकवायचं. तिच्या हाताखालून गेलेली कॉलर आठवडाभर मान खाली घालत नाही, असं मालक गिऱ्हाइकांना सांगत.

घरात नवरा आणि ती. नवरा बसडेपोत फिटर, बोलण्यात काटकसरी. लेक एकच. अंगाने बारीक आणि सदा काहीतरी उद्योगात, म्हणून लहानपणापासून मुंगी. मुंगी घड्याळं दुरुस्त करायला शिकली तेव्हा कडकबाईने देवाला हात जोडून सांगितलं होतं, बोटं तू दिलीस, आता सांभाळायचं काम माझं. आणि सांभाळलीही तशीच. मुंगीला तिने कधी भरली बादली उचलू दिली नाही, इस्त्रीला हात लावू दिला नाही, चेंडू खेळायला पाठवलं नाही. "तुझे हात म्हणजे तुझं पोट," ती म्हणायची. "हात दुखावला की घड्याळंही बंद आणि तूही बंद." मुंगी मान डोलवायची. उलट बोलायची तिची पद्धत नव्हती. कडकबाईच्या घरात ती पद्धत कुणाचीच नव्हती.

मुंगीचं लग्न झालं आणि ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. जावई उंच, हसतमुख, नळाची आणि पाइपांची कामं करणारा. घरात तो, मुंगी आणि त्याची आई. ही विहीणबाई टपालखात्यात पत्रं निवडायच्या कामावर होती. जन्मभर उभं राहून पाकिटं ज्या त्या खणात भिरकावलेली. आवाज खणखणीत, बोलणं तुटक, आणि दुसऱ्याचं काम बघत उभी राहिली की समोरच्याला घाम फुटावा अशी नजर. लग्नातही ती वाढप्याला म्हणाली होती, "असं नाही, असं." कडकबाईला ते तेव्हाच खटकलं होतं. एका म्यानात दोन तलवारी, असं नवरा पुटपुटला होता आणि लगेच गप्प झाला होता.

पहिले काही महिने सगळं सुरळीत होतं. मग एकदा मुंगी माहेरी आली, जेवण झाल्यावर भांडी घासायला बाह्या सरसावून उभी राहिली, आणि कडकबाईला तिच्या डाव्या हातावर, कोपराच्या जरा वर, आतल्या बाजूला एक काळानिळा पट्टा दिसला.

"हे काय गं?"

"कपाटाचं दार लागलं."

पुढच्या खेपेला कडकबाईने मुद्दाम मुंगीला भांड्यांपाशी उभं केलं. जुना पट्टा पिवळा पडला होता आणि त्याच जागेवर नवा उठला होता. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाची कातडीही सोलवटलेली.

"तुमच्या कपाटाला लागायला दुसरी जागा मिळत नाही वाटतं," ती म्हणाली.

मुंगी हसली, बाही खाली ओढली आणि विषय बदलला. फोन केला तर मुंगी घाईत. एकदा बोलता बोलता मागून विहीणबाईचा आवाज आला, "किती वेळा सांगायचं तुला? पुन्हा कर." आणि मुंगी म्हणाली, "ठेवते आई, नंतर बोलू." कडकबाई फोन हातात धरून तशीच बसून राहिली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. तिच्या मनाने मग काय काय चिंतलं ते लिहायला नको. दुसऱ्या दिवशी लॉंड्रीत आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातून एक पँट जळली. मालकांनी फक्त खिडकी उघडली.

"ती बाई मारते माझ्या मुलीला," तिने नवऱ्याला सांगून टाकलं.

"मुंगीला विचारलंस?"

"विचारलं. कपाट म्हणते."

नवऱ्याने चष्मा पुसला. "मग जाऊन कपाट बघून ये," तो म्हणाला.

रविवारी सकाळी ती निघाली. चहासुद्धा घेतला नाही. रिकाम्या हाताने अचानक जाणं बरं दिसत नाही म्हणून मुंगीने मागच्या खेपेला आणून दिलेला जावयाचा कोट, जो तिने धुऊन इस्त्री करून ठेवला होता, तो हँगरसकट बरोबर घेतला. बसमध्ये कोट मांडीवर आडवा ठेवून तिने रस्ताभर मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, आणि मधूनमधून विहीणबाईला काय काय सुनावायचं त्याचीही उजळणी केली. देवाला दोन्ही ऐकू गेलं असणार.

घराला कुलूप. समोरच्या दारातून एक बाई केर काढत बाहेर आली.

"मैदानावर गेलेत सगळे. पाण्याच्या टाकीमागे. दर रविवारी जातात," ती म्हणाली. "सुनेला तयार करतायत हो. सासू मोठी खमकी, हात धुऊन मागे लागलीय पोरीच्या."

कडकबाईने पुढचं ऐकलं नाही.

टाकीमागे मोठं मोकळं रान होतं, अधूनमधून झाडं, आणि बरीच अंतरं सोडून लोखंडी खांब उभे केलेले. प्रत्येक खांबाच्या माथ्यावरून साखळ्या लोंबत होत्या आणि खाली एक टोपली. कपडे वाळत घालायला हे काय केलंय, असं तिच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात पलीकडे तिघं दिसली. जावई हातात एक ताटलीसारखी लाल चकती घेऊन उभा होता. त्याच्या मागे मुंगी, आणि मुंगीच्या बाजूला विहीणबाई. कडकबाई बघत असतानाच विहीणबाईने मुंगीचं डावं कोपर पकडलं आणि करकचून तिच्या अंगाशी दाबलं. अगदी त्याच जागी.

ती हँगर उगारल्यासारखा धरून झाडामागून निघाली.

"सोडा तिचा हात," ती लांबूनच म्हणाली. "आधी हात सोडा तिचा, मग मला सांगा—"

विहीणबाईने तिच्याकडे न बघता तळहात वर केला. गप्प. मुंगीने ओठावर बोट ठेवलं. जावयाने मान वळवलीसुद्धा नाही. कडकबाई इतकी चकित झाली की खरंच गप्प झाली. जावई दोन पावलं तिरका चालला, चकती छातीसमोरून ओढली आणि सोडली. ती सपाट निघाली, शेवटी जराशी डावीकडे कलली आणि लांबच्या खांबाच्या साखळ्यांत खणखणून खालच्या टोपलीत पडली.

"हं, आता बोला, विहीणबाई," सासू म्हणाली. "कुणी फेकत असलं की बाकीच्यांनी मागे उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही, असा इथला रिवाज आहे. या ना. अचानक कशा?"

"माझ्या मुलीच्या हातावर वळ कसले आहेत ते विचारायला आले."

मुंगीचा चेहरा पडला. "आई, अगं ते... चकती लागून होतात. माझीच मला."

"कपाट म्हणाली होतीस."

"चकती म्हटलं असतं तर तू खेळू दिलं असतंस?"

कडकबाईने उलट प्रश्न केला. "चकती पुढे जाते. आत्ता बघितली ना मी. पुढे जाणारी वस्तू आपल्याच हाताला कशी लागेल? मी दूधखुळी आहे का?"

जावई घसा खाकरून म्हणाला, "आई, तो माझा कोट आहे का?" आणि पुढे होऊन त्याने हँगर हळूच तिच्या हातातून काढून घेतला. तेवढ्यापुरता तो शहाणा निघाला.

विहीणबाई रागावली होती. तिच्या नाकपुड्यांवरून ते कळत होतं. पण ती एवढंच म्हणाली, "दूधखुळ्या मुळीच नाही. फेकून बघा."

खांद्याला लावायची एक पिशवी होती, तिच्यात चकत्या टपालासारख्या उभ्या लावलेल्या. कडकबाईने हात घातला आणि सगळ्यांत रुंद, धारदार कडेची, दणकट दिसणारी चकती उचलली.

"ती नको, लांब फेकायची ड्रायव्हर आहे ती," विहीणबाई म्हणाली. "तिला हाताचा फार वेग लागतो. नवीन माणसाने फेकली की डावीकडे वळते आणि जमिनीत तोंड घालते."

"मला हीच हवी." ज्या बाईवर संशय, तिच्या हातची वस्तू कशी घ्यायची.

कडकबाईने फेकली. चकती डावीकडे वळली आणि झुडपात तोंड घालून बसली. जावई ती आणायला गेला.

"आता ही घ्या." विहीणबाईने एक फिकट निळी चकती पुढे केली, बसकी, गोल गुळगुळीत काठाची. "ही पटर. टोपलीच्या जवळ आलं की वापरतात, पण शिकायला हिच्यासारखी नाही. हळू फेकली तरी सरळ जाते. ही मुंगीची आहे."

"मुंगीची वेगळी?"

"वेगळीच घ्यावी लागली. दुकानदार जड काढून देत होता, म्हणे वाऱ्यात टिकते. मी म्हटलं, या मुलीला उद्या चिमट्याने केसाएवढी स्प्रिंग बसवायची असते, तिच्या मनगटाला जड चकती देऊन मी काय करू. चकतीवर वजन छापलेलं असतं, पण छापलेल्या वजनावर माझा विश्वास नाही. टपालात होते मी. सगळ्या चकत्या घरी आणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या आणि सगळ्यांत हलकी हिला दिली. बाकीच्या परत केल्या. दुकानदार अजून मला बघून आत जातो." तिने चकतीच्या काठावरून अंगठा फिरवला. "आणि काठ बोथट. आधीच्या चकतीच्या धारेने हिचं बोट सोललं होतं. चार दिवस तिला काम करता आलं नाही, आणि माझ्यावर चिडून बसली."

"चिडून?" कडकबाईने मुंगीकडे पाहिलं. मुंगी बुटाने गवत उकरत होती.

चकती खरंच हलकी होती. कडकबाईने ती हातात तोलून पाहिली. कापडाचं वजन तिला न बघता कळायचं, तसं हेही कळलं.

मग शिकवणी सुरू झाली. विहीणबाई शिकवायला लागली की राग, पाहुणचार, नातं सगळं विसरते, हे कडकबाईच्या लक्षात आलं. आडवं उभं राहायचं, उजवा खांदा टोपलीकडे. चकती मागे न्यायची, हात लांब करून. मग छातीसमोरून सरळ रेषेत ओढायची, दार ओढून उघडतो तशी, आणि सुटताना सगळ्यांत जास्त वेग.

पहिली चकती चार पावलांवर पडली.

"ढकलताय तुम्ही. ओढा."

"रेटायची सवय आहे. इस्त्रीची."

"इथे कपडे नाहीत. ओढा."

दुसरी वर वर गेली, हवेत थांबली आणि माघारी तिच्याच पायाशी येऊन पडली.

"नाक वर झालं. चकतीची पुढची कड. का उचलता?"

"बटण लागेल ना नाहीतर," कडकबाई म्हणाली आणि जीभ चावली. जावई पाठ करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते.

"विहीणबाई," सासू शांतपणे म्हणाली, "हवेला बटणं नसतात."

तिसऱ्या वेळी कडकबाईने ठरवलं की आता दाखवायचंच. नाक खाली, हात लांब मागे, आणि सगळा जोर लावून ओढली. मागून मुंगी ओरडली, "आई, डावा हात—" पण तोवर उशीर झाला होता. डावा हात होता तिथेच होता. निम्मं आयुष्य तो जिथे होता तिथे: अंगापुढे, पसरलेला, नसलेलं कापड ताणून धरलेला. छातीसमोरून वेगाने आलेली चकती सणकन त्याच्यावर आदळली आणि खाली पडली.

कडकबाईने पदर बाजूला केला आणि हात वळवून पाहिलं. कोपराच्या जरा वर, आतल्या बाजूला, लालभडक पट्टा उठत होता. मुंगी धावत आली. तिने स्वतःची बाही वर केली आणि आपला हात आईच्या हाताशेजारी धरला. एकाच साच्यातून काढल्यासारखे दोन पट्टे, एक पिवळट निळा आणि एक ताजा.

"डाव्या हाताने घड्याळ धरायचं, उजव्याने चिमटा चालवायचा," मुंगी म्हणाली. "माझाही डावा हात पुढेच राहतो. अहो आई रोज सांगतात, कोपर अंगाशी घे, आत घे. फेकायच्या वेळी विसरते. मघाशी त्यासाठीच तर धरून दाखवत होत्या."

कडकबाई गवतावर बसली. हात चांगलाच ठणकत होता, आणि तिला इतकं बरं वाटत होतं की ठणका हवाहवासा वाटावा. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते तिने हजारदा म्हटलं असेल. तो पडतो तेव्हा डोळ्यांतून पाणी येतं हे तिला माहीत नव्हतं. ती हसत होती की रडत होती ते जावयाला कळेना, म्हणून तो पाण्याची बाटली शोधायला गेला.

"फार लागलं का?" मुंगी म्हणाली.

"लागलं. बरं झालं लागलं." तिने तोंडाने देवाचं नाव घेतलं, नाक पुसलं आणि वर पाहिलं. विहीणबाई समोर उभी होती, हाताची घडी घालून.

"तुम्हाला वाटलं मी मारते हिला."

खोटं बोलायचा कडकबाईचा स्वभाव नव्हता. "वाटलं."

"किती दिवस?"

"बरेच."

विहीणबाई तिच्या शेजारी खाली बसली. गुडघे कटकट वाजले. जावयाने आणलेली थंड बाटली तिने कडकबाईच्या हातावर दाबून धरली, मुंगीचं कोपर दाबलं होतं तशीच करकचून. या बाईला हळू काही धरताच येत नसावं.

"मला मुलगी असती आणि तिच्या हातावर असे वळ दिसले असते, तर मी पोलीस घेऊन आले असते," ती म्हणाली. "तुम्ही कोट घेऊन आलात." मग म्हणाली, "पण आधी मला विचारलं असतंत तर बरं झालं असतं."

"तुमची भीती वाटते," कडकबाई म्हणाली.

"माझी? लग्नात तुम्ही नुसतं बघितलंत तर वाढप्याने माझ्या पानात दोनदा वाढलं."

यावर मुंगीला हसू आवरेना. तिने चकत्या गोळा केल्या, पिशवी खांद्याला लावली, आणि तिघं पुढच्या खांबाकडे निघाली. कडकबाई बसल्या जागेवरून बघत राहिली. वाटेत सासूने खिशातून पेन्सिल काढून आधीच्या टोपलीपर्यंत आपल्या किती फेकी लागल्या ते पुठ्ठ्यावर टिपलं.

"अहो आई, तीन नाही, चार," मुंगी म्हणाली. "झाडाला लागून पडली ती धरलीच नाहीत तुम्ही."

"ती निसटली होती हातातून."

"निसटली म्हणून काय झालं? फेक ती फेक. मागच्या आठवड्यात माझी निसटली तेव्हा बरी धरलीत."

"सासूशी असं बोलतात?"

"टपालात चालत असेल अशी मोजणी. इथे नाही चालणार. चार लिहा."

विहीणबाईने चार लिहिलं. वर म्हणाली, "मोठी आली घड्याळवाली. स्वतः वेळेवर कधी उठत नाही." आणि मुंगीने तिला खांद्याने एक हलकासा धक्का दिला.

कडकबाईने हे सगळं ऐकलं. ही मुलगी उलट बोलू शकते, आणि एवढं मोठ्याने, हे तिला ठाऊकच नव्हतं. ज्याची धास्ती असते त्याच्याशी माणूस तीन की चार यावरून भांडत नाही. त्याला कपाटाचं दार लागलं असं सांगतो. कपाट कुणाला सांगितलं होतं, हे लक्षात आलं तेव्हा तिला एक बारीकशी कळ आली, हाताची नव्हे. पण आजचा दिवस त्या कळेचा नव्हता. ती नंतर बघता येईल, तिच्याशी सावकाश बोलता येईल. आज मुलगी सुखरूप होती, हसत होती, भांडत होती. देवाकडे हेच तर मागितलं होतं. त्याने ते कधीच दिलेलं होतं आणि आपण बसमध्ये रस्ताभर त्याला छळलं.

ती उठली, गवत झटकलं आणि त्यांच्या मागे गेली. मुंगी तिच्याकडे वळली आणि निळी चकती पुढे केली.

"आणखी एकदा?"

"हात दुखतोय गं."

"उजव्याने फेकायची आहे. डावा नुसता आत ठेवायचा. ये, उभी राहा. असं नाही, असं." मुंगीने आईचं डावं कोपर धरलं आणि अंगाशी दाबलं. बारीक बोटांत जोर भलताच होता. कडकबाईने काही उलट म्हटलं नाही. तिघं मागे सरकली आणि बोलायची थांबली, आणि ती शांतता या वेळी तिच्यासाठी होती. तिने चकती मागे नेली आणि ओढली. ती फार लांब गेली नाही. पण सपाट गेली, सरळ गेली, आणि टोपलीच्या अलीकडे गवतावर अलगद बसली.

"चांगली," विहीणबाई म्हणाली. एवढंच.

कडकबाईला एकदम जाणवलं की तिला कडकडून भूक लागली आहे. आज सकाळची नव्हे, कित्येक दिवसांची.

"खायला काय आणलंय तुम्ही?" तिने विचारलं.

"पाव, लोणी, सफरचंदं," जावई म्हणाला. "पण शेवटच्या खांबाला पोचल्यावर खायचं, असा आमचा नियम आहे."

"तुमचे नियम तुम्ही पाळा," कडकबाई म्हणाली. "मी पाहुणी आहे. पिशवी उघडा."